उतरती मात्रा

पुडीबाईंना नाव होतं, नाही असं नाही, पण ते त्यांच्या नवऱ्याला आणि मतदारयादीला तेवढं ठाऊक. बाकी सगळ्या वस्तीला त्या पुडीबाई. दवाखान्यातल्या लाकडी खिडकीमागे त्या एकवीस वर्षं उभ्या होत्या. आत डॉक्टर तपासायचे, चिठ्ठी बाहेर यायची आणि बाई गोळ्या मोजून कागदाच्या पुड्या बांधायच्या. सकाळची पुडी तिकोनी, रात्रीची चौकोनी. वाचता न येणाऱ्या म्हातारीचीसुद्धा गफलत होऊ नये म्हणून ही युक्ती त्यांनीच काढलेली. अर्धी गोळी द्यायची असली तर ब्लेडनं अशी कापत की दोन तुकड्यांत लहानमोठं करायला जागाच नसे.

स्वभावानं मात्र फटकळ. औषध मध्येच सोडणाऱ्याची त्या अशी खरडपट्टी काढत की चांगली मिशीवाली माणसंही मान खाली घालून उभी राहत. आणि डॉक्टरांशी खोटं बोलणारा त्यांच्या तावडीत सापडला तर मग त्याचं काही खरं नसे. डॉक्टर काय ज्योतिषी आहेत, तुम्ही लपवायचं आणि त्यांनी ओळखायचं होय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दाताच्या कण्या करून सांगायच्या बिचाऱ्या.

त्यांना हे काम शिकवलं ते दवाखान्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी. त्यांनी पहिल्याच वर्षी एक गोष्ट बाईंच्या डोक्यात पक्की बसवली होती. काही औषधं एकदम तोडायची नसतात, उतरवत आणायची. आज दोन, चार दिवसांनी दीड, मग एक, मग अर्धी. दम्याच्या एका पेशंटनं बरं वाटतंय म्हणून रोजच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्याला खिडकीखालच्या बाकावर आणून टाकलं तेव्हा त्याचे डोळे फिरले होते. माणूस वाचला, पण बाईंनी ते डोळे पाहिले होते. तेव्हापासून उतरत्या मात्रेच्या पुड्या त्या दुसऱ्या कुणाला बांधू देत नसत. पुडीवर वार लिहीत, तुकडे स्वतः कापत. ही त्यांची विद्या, आणि तिचा त्यांना अभिमान होता. का नसावा? एकवीस वर्षांत त्यांच्या हातून एक पुडी चुकली नव्हती.

नवऱ्याला लोक दातवाले म्हणत. दातवाले कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि दातवाले घरातल्या पुढच्या खोलीत बसून मेणाच्या हिरड्या घडवत, त्यात एकेक दात बसवत. खिडकीशी टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. नव्यानं आलेला माणूस जरा दचकायचा. दातवाल्यांची खरी करामत बोटात होती. वरचा-खालचा जबडा एकमेकांवर टेकवायचा, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट दातांवरून फिरवायचं. केसभर जरी कुठे उंच झालं असलं तरी त्यांना कळायचं. वस्तीतली निम्मी म्हातारी माणसं आपल्या हातचं हसतात, असं ते म्हणायचे, आणि वर म्हणायचे की उरलेली निम्मी अजून रांगेत आहेत.

आणि ओढायचे. दिवसाला तीस. मेण वितळवायच्या दिव्यावरच पेटवायची, एक विझायच्या आत दुसरी. घराच्या पडद्यांना, उशांना, लेकीच्या वह्यांना तोच वास. लेक सोळा वर्षांची, बापावर जीव टाकणारी, पण ह्या एका गोष्टीवरून रोज भांडायची. दातवाले हसून सोडून द्यायचे. बाईही फार बोलत नसत. नवरा दारू पीत नाही, हात उचलत नाही, घरात बसून काम करतो, मग एवढं एक चालायचंच, असा त्यांचा हिशेब होता.

मग एके दिवशी दुपारी बाई जेवायला घरी आल्या तर खोलीत करपलेला वास. मेणाचा नव्हे, मांसाचा. दातवाले मान वाकवून दात बसवत होते आणि त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट दिव्याच्या ज्योतीत होतं. त्यांना पत्ताच नव्हता. बाई ओरडल्या तेव्हा त्यांनी बोट काढलं आणि दुसऱ्या कुणाचं असावं तसं उलटसुलट करून पाहिलं. बोट गार होतं. भाजलेलं बोट, आणि गार!

ती जखम महिनाभर भरली नाही. बाईंनी रोज धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. शेवटी दोघं गुमान मोठ्या इस्पितळात गेले. तिथले डॉक्टर वयानं तरुण, बोलायला तोडून टाकणारे. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात, आणि त्या सिगारेटमुळे बंद होतायत. औषध आहे, पण ते नुसतं साथीला. खरा इलाज एकच.

"शून्य," डॉक्टर म्हणाले. "कमी नाही. शून्य. एक ओढली काय आणि तीस ओढल्या काय, ह्या आजाराला फरक कळत नाही. सिगारेट सुटावी म्हणून लावतात ती निकोटीनची पट्टी नको, गोळी नको, वासही नको. आज बंद केलीत तर हात तुमचा राहील. नाहीतर बोटं मी काढणार."

ह्याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? दातवाले पांढरे पडले. इस्पितळाच्या पायरीवर त्यांनी खिशातलं पाकीट काढून बाईंच्या हातात दिलं आणि बाईंनी ते तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाईंना वाटलं, हा बिचारा एकटा किती सोसणार. घरी येता येता त्यांनी जाहीर करून टाकलं की तुम्ही सिगारेट सोडलीत ना, मग मी आजपासून चहा सोडला. आता बाईंचा चहा म्हणजे सकाळपासून सहा कप, त्याच्याशिवाय त्यांची खिडकी उघडत नसे. दातवाल्यांना गहिवरून आलं. रस्त्यातच ते म्हणाले की तुझी सोबत असली तर मी पार पडेन.

पहिले अकरा दिवस दातवाल्यांनी काय काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. चोरून एक झुरकासुद्धा मारला नाही. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण पुढे लोक त्यांना काय काय म्हणाले. दाराला आतून कडी लावून बसायचे, बडीशेप चावायचे, गार पाण्यानं तोंड धुवायचे. बाईंचं डोकं चहावाचून ठणकायचं, ह्यांचं सगळं अंग. दोघं एकमेकांकडे बघून कसनुसं हसायचे. पण हात थरथरायला लागले. मेणात दात तिरका बसायचा. दोन कवळ्या परत आल्या, त्यांच्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. बाराव्या दिवशी लेकीनं दार जरा जोरात लावलं म्हणून ते ताडकन उठले आणि त्यांनी पोरीवर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. मग स्वतःच मटकन जमिनीवर बसले, प्लास्टरच्या भुकटीत, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"मला बांधून ठेव," ते म्हणाले. "नाहीतर एक दे. मला नाही जमत ग."

बाईंनी चपला घातल्या आणि बाहेर पडल्या. आणि दवाखान्याच्या रस्त्यानं जाता जाता त्यांच्यातली पुडीबाई जागी झाली. एकवीस वर्षं आपण लोकांना काय सांगतो? एकदम तोडू नका. आणि आपल्या माणसाचं मात्र तीस वरून शून्य, एका दिवसात! त्या दम्यावाल्याचे फिरलेले डोळे त्यांना आठवले. डॉक्टर शून्य म्हणाले खरं, पण डॉक्टर लोक ताणूनच सांगतात, दहा दिवस औषध घ्या म्हणतात तेव्हा सातात भागतं, हे खिडकीमागच्या माणसाला कोण सांगणार? शून्यावरच जायचं आहे. पण पायरी पायरीनं. बाई टपरीवर गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः सिगारेटचं पाकीट मागितलं. टपरीवाल्यानं वर पाहिलं, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून काही विचारलं नाही.

दवाखान्यात जाऊन त्यांनी ब्लेड घेतलं. प्रत्येक सिगारेट बरोबर मधोमध कापली. अर्ध्याअर्ध्याच्या पुड्या बांधल्या, वर वार आणि वेळ लिहिली. पहिला आठवडा रोज सहा अर्ध्या, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार, आणि सातव्या आठवड्यात काही नाही. सगळं कागदावर मांडलं. पुड्या दवाखान्यात आपल्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं. लेकीला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. पोर आहे, उगाच आकांडतांडव करेल. बाप कमी करतोय हे तिला कळायचं नाही, ओढतोय एवढंच दिसेल.

आणि गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, ते जमलं! पहिल्याच अर्ध्या तुकड्यानं दातवाल्यांच्या हातांची थरथर थांबली. दात सरळ बसायला लागले. बाकीच्या पुड्या बाई लेक घरात नसताना आणून द्यायच्या, आणि दुपारी चार वाजता दवाखाना बंद असायचा तेव्हा दातवाले स्वतः यायचे. दवाखान्याच्या मागच्या बाजूला तीन पायऱ्या होत्या, समोर पाण्याची टाकी आणि धुतलेल्या चादरी. दोघं त्या पायरीवर बसायचे. दातवाले पुडी उलगडायचे, अर्धी सिगारेट पेटवायचे, आणि ती संपेपर्यंत गप्पा मारायचे. कुणाचा जबडा कसा आला होता, कुठल्या म्हातारीनं आपल्या कवळीत पुढचे दोन दात जरा मोठे मागितले कारण लहानपणी तिचे तसे होते. बाई खिडकीतल्या गमती सांगायच्या. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दोघं दिवसाढवळ्या शेजारी शेजारी बसून हसलीत असं कधी झालं नव्हतं. बाई चारची वाट बघायला लागल्या. हे त्यांनी नंतर स्वतःशी कबूल केलं, आणि कबूल करताना त्यांना स्वतःची किळस आली.

तीन आठवड्यांनी पुन्हा मोठ्या इस्पितळात गेले. डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम थोडी भरली होती. बाई रोज पट्टी बदलायच्या, त्यामुळे त्यांना तारखेनिशी माहीत होतं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की दहाव्या-अकराव्या दिवशी तळाला लाल मांस दिसायला लागलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, खूश झाले आणि मान वर न करता एका शब्दात विचारलं, "बंद?"

दातवाल्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "बंद."

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातली गत. ज्या बाईनं एकवीस वर्षं खोटं बोलणाऱ्यांना फैलावर घेतलं, तिच्या तोंडून हा शब्द असा सहज गेला की तिलाही नवल वाटलं. बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली. आता चार तुकडे राहिलेत, पुढच्या खेपेपर्यंत खरंच बंद होईल, मग खोटं कसलं? जखम भरत होतीच की. त्यांना वाटलं, आपल्या पुड्यांचा गुण आला.

पाचव्या आठवड्यात बोटाचं टोक काळं पडलं. आधी वाटलं मेणाचा डाग आहे. मग शेजारचं बोट पांढरंफटक व्हायला लागलं, मग अंगठा. दुखणं असं की दातवाले हात टेबलाखाली लोंबता ठेवून बसायचे, वर उचलला की कळ यायची. काम सुटलं. फळीवरचे जबडे तसेच पडून राहिले. दुखणं वाढलं तशी तलफ वाढली, आणि बाईंना दवाखान्यातला दुसरा नियम आठवला: उतरवताना त्रास झाला तर एक पायरी वर जायचं, तिथे जरा थांबायचं, मग पुन्हा उतरायचं. दोन तुकड्यांवर आले होते ते पुन्हा चारवर गेले. बाईंनी मांडणीच्या कागदावर नवा रकाना आखला.

मोठ्या इस्पितळातले डॉक्टर बोट बघून चक्रावले. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की बंद आहे ना? एक झुरकाही नाही? पुन्हा दोघं बंदच म्हणाले, आणि आता मागे फिरायचं तरी कसं, आधीचं खोटं उघडं पडलं असतं. डॉक्टर म्हणाले की बंद केलेल्या माणसाचं असं होत नाही, म्हणजे आपल्याला वाटतो तो हा आजार नव्हेच. मग दुसऱ्या आजाराच्या तपासण्या सुरू झाल्या, दुसरी औषधं. त्यात पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत बाई रोज पुड्या बांधत होत्या, औषधांच्याही आणि सिगारेटच्याही.

शेवटी डॉक्टरांनी काही न सांगता एक लघवीची तपासणी लिहून दिली. चार दिवसांनी त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि कागद टेबलावर त्यांच्या बाजूला फिरवून ठेवला. तंबाखूचा अंश. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, कोण खोटं बोलतंय?

बाईंनी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत दातवाले बोलले.

"मी चोरून ओढत होतो, डॉक्टर. हिला ह्यातलं काही माहीत नाही."

टेबलाखाली त्यांचा डावा हात बाईंच्या गुडघ्यावर होता आणि त्यांनी तो घट्ट दाबला होता. बाई गप्प बसल्या. डॉक्टरांनी दातवाल्यांना जे सुनावलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. बाईंकडे वळून मात्र ते मऊपणानं म्हणाले की ताई, तुम्ही पुष्कळ केलंत, पण ज्याला स्वतःची पर्वा नाही त्याला देवही वाचवू शकत नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं.

दोन बोटं मुळापासून गेली आणि अंगठा पेरापर्यंत.

इस्पितळात बघायला माणसं यायची. वस्तीतली, दवाखान्यातली, कवळ्या घातलेले दोन-चार म्हातारे. सगळ्यांना एव्हाना कळलं होतं. दातवाल्यांशी दोन शब्द बोलायचे, आणि मग बाहेरच्या बाकावर बाईंशेजारी बसून त्यांची पाठ थोपटायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हो बाई. बायकोनं चहासुद्धा सोडला आणि ह्या माणसाला एक सिगारेट सुटली नाही. बाईंना वाटायचं, उठावं आणि ओरडून सांगावं की कुंपणानंच शेत खाल्लंय. पण दातवाल्यांनी त्यांना शपथच घातली होती. एकदा कॉटवर पडल्या पडल्या त्यांनी बाईंना जवळ बोलावलं होतं आणि हळू आवाजात समजावलं होतं.

"माझी बोटं तर गेलीच. आता तुझी खिडकीही घालवू का? तू असं केलंस हे कळल्यावर तुझ्या हातची पुडी कोण घेईल? आणि पोरीला घरात एक तरी माणूस विश्वासाचं राहू दे."

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडले. बाईंना त्या माणसाचा राग आला, आणि मायाही आली.

लेक रोज यायची. डबा आणायची, आईला घास खायला लावायची, औषधांच्या चिठ्ठ्या नेऊन आणायची. बापाकडे मात्र पाठ करून बसायची. दातवाले डाव्या हातानं चमचा धरायची खटपट करत, सांडत, आणि ती खिडकीबाहेर बघत राही. एकदा त्यांनी तिला लाडाच्या नावानं हाक मारली तेव्हा ती उठून बाहेर गेली.  दातवाल्यांनी सांडलेलं डाव्या हातानं गोळा केलं.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेले. आता डाव्या हाताची पाळी आहे, एवढंच त्यांनी दातवाल्यांना बजावलं. ते गेल्यावर दातवाले कपडे बदलायला लागले. शर्ट अंगात गेला, पण बटणं लागेनात. बाई औषधांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे व्हायच्या आतच लेक बोलली, किती दिवसांत पहिल्यांदा बापाशी बोलली.

"आईनं तुमच्यासाठी चहा सोडला, बाबा. तुम्ही आमच्यासाठी काय सोडलंत?"

दातवाल्यांनी बटणावरचा हात खाली घेतला.  ते बोलणारच नव्हते, मरेपर्यंत बोलले नसते, आणि पोर उरलेला जन्म ह्या माणसाकडे पाठ करून बसली असती. बाईंना ते लख्ख दिसलं.

"मी देत होते," बाई म्हणाल्या.

दातवाल्यांनी मान हलवली, नको नको म्हणून खूण केली. पण बाई थांबल्या नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. अकरा दिवस बाबांनी एकही ओढली नव्हती. बाराव्या दिवशी मी स्वतः आणून दिली. कापून, पुड्या बांधून, वार लिहून. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बंद म्हणणारी पहिली मी. बाबांनी माझा दोष स्वतःवर घेतला.

लेक रडली नाही, किंचाळली नाही. आकांडतांडव करेल म्हणून जिच्यापासून लपवलं होतं, त्या पोरीनं फक्त एक प्रश्न विचारला, हे डॉक्टरांना माहीत आहे का. बाई नाही म्हणाल्या. मग आधी त्यांना सांगून ये, ती म्हणाली. आता पुढचं औषध ते कशाच्या आधारावर देणार?

अगदी खिडकीतल्या पुडीबाईंसारखीच बोलली ती. बाई गेल्या.

डॉक्टर खाली जिन्यापाशी भेटले. बाईंनी तिथेच, येणारीजाणारी माणसं असताना, सांगून टाकलं. डॉक्टरांनी मधे तोडलं नाही. सगळं ऐकून त्यांनी विचारलं की दिवस कितवा होता. बाई म्हणाल्या, बारावा. डॉक्टर परत आपल्या खोलीत गेले, दातवाल्यांचे कागद काढले आणि एका पानावर थांबले.

"अकराव्या दिवशी जखम लाल झाली म्हणून तुम्हीच मला सांगितलं होतं. हे पाहा, मी लिहून ठेवलंय." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "ती भरत होती, ताई. बोट वाचत होतं."

बाईंनी ते पान पाहिलं. अक्षर वाईट होतं, पण डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अकरा हा आकडा त्यांना नीट वाचता आला. त्या बरं म्हणाल्या आणि खोलीबाहेर आल्या. 

वर आल्या तेव्हा लेक कॉटवर बापासमोर बसली होती आणि त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. खालून वर, एकेक. दातवाल्यांचे डोळे भरून आले होते आणि ते तिच्या केसांवरून डावा हात फिरवत होते. बाई दारात थांबल्या. शेवटचं बटण लावून झाल्यावर लेक उठली, बाईंसमोर आली आणि तिनं हात पुढे केला. बाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. तिला औषधांची पिशवी हवी होती.

"बाबांची औषधं ह्यापुढे मी देईन," ती म्हणाली.

"अग, तिला एवढं तरी..." दातवाले कॉटवरून म्हणाले. बाईंनी पिशवी दिली. लेकीनं ती उघडली, चिठ्ठी काढली, एकेक पाकीट चिठ्ठीशी ताडून पाहिलं, दोनदा मोजलं. मोजण्यात तिची कुठे चूक होत नव्हती. बाई बघत उभ्या राहिल्या.

मग लेकीनं बापाला उठवलं आणि त्याच्या चांगल्या हाताला धरून ती दोघं जिन्याकडे निघाली. बाई मागून चालत होत्या, दोन्ही हात रिकामे.